खंडेनवमीचं तेल

सायकल भंगारात द्यायची नाही, हे मी काल भाचेसुनेला तिसऱ्यांदा सांगितलं. दिवाळीची साफसफाई निघाली की ती दरवर्षी मागच्या खोलीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहते, आधी त्या सायकलकडे बघते, मग माझ्याकडे. "आत्या, सच्ची सांगा, आता बसणार कोण हिच्यावर?" मी म्हणते, "मी." ती हसते. मी पंच्याऐंशी ओलांडली आहे, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबते, हे सगळं मलाही माहीत आहे. तरी मी हसत नाही.

ती बाजारात गेल्यावर मी स्टूल ओढून सायकलजवळ बसले. काळा रंग जागोजागी उडालाय, घंटीचं टोपण कधीच गेलं, सीटच्या चामड्याला भेगा पडल्यात. उजव्या मुठीखालची ब्रेकची लिव्हर चार बोटांनी दाबली. निम्म्या वाटेवर आली आणि थांबली, जिथे थांबायला पाहिजे तिथेच. खोलीत वाळलेल्या रबराचा आणि गंजाचा वास होता. बाहेर कोणाच्या तरी मोबाइलवर हिंदी गाणं चाललं होतं. माझ्या बोटांना मात्र त्या घटकेला विसावं वर्ष लागलेलं होतं. हाताची आठवण डोक्याच्या आठवणीपेक्षा पक्की असते असं माझं मत आहे, आणि ते कोणाला पटलं नाही तरी माझं काही अडत नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, राज्यांची नवी आखणी चालली होती आणि बुऱ्हाणपुरात जो तो सीमेबद्दल बोलायचा. नागपूर आमची राजधानी होती, ती आता राहणार नव्हती. आपण मुंबईकडे जायला पाहिजे होतं असं कोणी म्हणायचं, कोणी म्हणायचं भोपाळ काय वाईट आहे. वर सगळं ठरून गेलं होतं, पण आमच्या सिंधीपुऱ्यातल्या ओट्यांवर ते अजून ठरतच होतं. माझे वडील, आबा, तहसील कचेरीत कारकून होते. त्यांना कचेरीचं टिपण हिंदीत लिहायचा सराव करावा लागे. जेवतानाही ते "सेवा में सविनय निवेदन है" असं पुटपुटायचे, आणि आई विचारायची, "भात वाढू, का अर्ज करतात?" आबा लाजून ताट पुढे करायचे.

त्या दिवसांचा वास मला आजही येतो. गल्लीतून जाताना सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास यायचा आणि घराघरातून मागांचा खटखटाट. केळीचे घड भरलेल्या बैलगाड्या सकाळी गावात शिरत, घडांखाली अंथरलेल्या पानांचा ओला, हिरवा वास रस्त्याच्या कडेला दुपारपर्यंत राहत असे. हलवाई रवा-साखरेचा दराबा घोटायला बसला की तुपाचा वास थेट आमच्या खिडकीपर्यंत यायचा. आज तोच हलवाई, म्हणजे त्याचा नातू, दराबा डब्यात बंद करून विकतो. वास येत नाही. मी घेत नाही.

त्याच वर्षी मला दापोऱ्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून नेमलं. नेमणूक कच्ची होती. दसऱ्याच्या सुट्टीनंतर साहेब तपासणीला येणार, हजेरी बघणार आणि मग कायम करणार. शाळा सकाळची होती. दापोऱ्याकडे जाणारी मोटार गावातून निघायची तेव्हा माझ्या मुली पाढे संपवून घरी जायच्या तयारीत असायच्या. म्हणून एके दिवशी आबांनी स्वतःच्या सायकलची किल्ली मुकाट्याने माझ्या वहीवर ठेवली. ते स्वतः त्यानंतर पायी कचेरीत जाऊ लागले.

सायकल पुरुषी, मध्ये आडवा दांडा असलेली. माझ्या वयाच्या शिकलेल्या मुली तेव्हा पाचवारी साडी नेसायला लागल्या होत्या, आणि पाचवारीत दांड्यावरून पाय टाकता येत नाही. मी आईची नऊवारी काढली. कासोटा घातला की दांडा काय, भिंतही ओलांडता येते. गल्लीतल्या बायकांना कळेना की मला नाव काय ठेवायचं. नेसणं आजीचं आणि चालवणं सायकलचं! कोणी जुनाट म्हणून नाक मुरडलं, कोणी पुढारलेली म्हणून. मी दोन्हींना घंटी वाजवून दाखवली.

आबांचे थोरले भाऊ, आमचे काका, शेजारच्याच खोल्यांत राहायचे. घर एक, चुली दोन, आणि शब्द एकच, काकांचा. ते वाईट नव्हते. माझ्या मॅट्रिकच्या निकालाला त्यांनीच गल्लीत पेढे वाटले होते. पण सायकल त्यांच्या घशाखाली उतरेना.

"रस्त्यात पंचर झालं, तर काय करशीन?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. "बसून राहशीन कडेला, कोनी मानूस येईपर्यंत?"

"काढीन चाक," मी म्हणाले.

"चाक काढीन म्हने!" काका आबांकडे वळले. "ऐकलं? विहिरीचा पोहरा हाये का तो, काढला आनि ठेवला?"

तेव्हा मला चाक काढता येत नव्हतं. पण बोलून बसले होते, त्यामुळे शिकणं भाग होतं. गल्लीच्या तोंडाशी गफूरचाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, पाण्याचं घमेलं आणि कडुनिंबाची सावली. मी तिथे जाऊन उभी राहिले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि पाना माझ्या पुढ्यात ठेवला. स्वतः त्यांनी त्या दिवशी सायकलला हातही लावला नाही.

आताच्या सायकलींचे ब्रेक तारेने ओढतात. तेव्हाचे सळईचे असत. मुठीखालची लिव्हर दाबली की सळई वर ओढली जाई. सळईच्या खालच्या टोकाला घोड्याच्या नालेच्या आकाराचं लोखंड, त्याच्या दोन पायांना दोन रबरी गुटके, आणि ते गुटके रिमला आतल्या अंगाने जाऊन चिकटत. एवढीच रचना. पण गुटके रिमच्या पोटाशी बसलेले असल्यामुळे चाक काढायला गेलं की नेमके तेच आडवे येत. लोक मग ओढाताण करत, नाल वाकवत, आणि चाक परत बसवल्यावर ब्रेक एका अंगाला घासत राही.

"बेटी, ब्रेक से झगड़ा नहीं करना," चाचा म्हणाले. "ये सलाई का एक नट है. बस ये ढीला कर. नाल अपने आप नीचे आएगी, चाक भी आ जाएगा. मगर ढीला करने से पहले देख ले, नट कहाँ बैठा था."

नट कुठे बसला होता ते लक्षात ठेवायला मी सळईला लाल दोऱ्याचे चार वेढे घट्ट बांधले. नट पुन्हा त्या दोऱ्याला टेकला की ब्रेक जसा होता तसा. चाचांनी तो दोरा पाहून भुवया उडवल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या दुरुस्तीच्या दोन सायकलींना मला लाल दोरा दिसला. घरी येऊन मी आईला ते दोनदा सांगितलं.

गुटका आणि रिम यांच्यात किती जागा ठेवायची, तेही त्यांनीच शिकवलं. पोस्टकार्ड एकदा दुमडायचं आणि दोन्हीकडून सरकवून बघायचं. अडकलं तर ब्रेक घासणार, सुळ्ळकन गेलं तर ब्रेक उशिरा लागणार. आणि मूठ? मूठ निम्मी मिटली की चाकाने ऐकायला हवं. बोटं हँडलला टेकेपर्यंत दाबावी लागली तर तो ब्रेक नव्हे. उलट, नुसतं बोट लागताच चाक जागच्या जागी आवळलं तर तोही नव्हे, तो घात. मला ते अंतर सापडायला पंधरा दिवस लागले. ज्या दिवशी सापडलं त्या दिवशी मी विनाकारण चार वेळा नदीकडचा उतार उतरले आणि चढले.

त्या चढ-उतारात चाचांचं एक वाक्य मात्र माझ्या कानाआड गेलं. "रिम को तेल का हाथ भी नहीं लगना चाहिए." मी हो म्हणाले होते. तेल कोण कशाला लावेल, असं मला वाटलं.

नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड पाटावर येतं. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा, आणि त्या दिवशी त्याला विश्रांती. आबांचा टाक आणि दौत, आईची विळी, सांडशी, कात्री, काकांचा अडकित्ता. ज्याला ज्याला गंज धरतो त्याला आई तिळाच्या तेलाचा हात द्यायची. मग हळद-कुंकू, झेंडूचं फूल. त्या वर्षी पाटाशेजारी प्रथमच सायकल उभी केली होती. मी शेजारून आले तेव्हा समईच्या उजेडात ती अशी चमकत होती की मला भरून आलं. हँडलला झेंडूची माळ, मडगार्डवर कुंकवाचं स्वस्तिक. एक एक तार पुसलेली. आईने दिवसभर काय केलं ते मला दिसत होतं आणि मी कौतुकाने बघत राहिले. तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मी मास्तरीण, आणि मला कळलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी आपट्याची पानं आणायला निघाले. नदीकडच्या उताराच्या तोंडाशी आले आणि सवयीने मूठ मिटली. हाताला सगळं बरोबर लागलं. निम्मी मूठ, तोच ताण, गुटके टेकल्याचा तोच बारीक धक्का. पण चाक थांबलं नाही. मी दोन्ही मुठी आवळल्या. सायकल पळतच सुटली. खाली रस्त्यावरच्या मोरीजवळ एक बाई झेंडूच्या टोपल्या मांडून बसली होती, ती ओरडत बाजूला झाली आणि मी सायकलसकट तिच्या ढिगात शिरले.

कोपर सोललं. पुढचं चाक थोडं वाकलं. फुलवाली शिव्या देत माझ्या केसांतून झेंडू काढत होती. मी खाली बसल्या बसल्या रिमवर अंगठा फिरवला. अंगठा सरकला. नाकाशी नेला, तर तिळाच्या तेलाचा वास. समईचा, देवघराचा, आईच्या हाताचा वास. मी तिथेच बसून राहिले. कोपर दुखत होतं, पण रडू आलं ते त्याचं नव्हतं.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. काका ओट्यावर उभे.

"झालं समाधान? ब्रेक हातात होता ना?"

"होता."

"मंग?"

मी गप्प राहिले. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. पण ते वाक्य आईच्या अंगावर गेलं असतं. काकांच्या घरात एकदा झालेली चूक कधी जुनी होत नसे. बारा वर्षांपूर्वी एका लग्नात आईच्या हातून आमटी खारट झाली होती, ती अजून दर पंगतीला निघायची. आणि आई त्यांच्यापुढे बोलत नसे. थोरल्या दिरासमोर पदर डोक्यावर आणि मान खाली, हा रिवाज तिने लग्न झाल्यापासून पाळला होता. तिने चांगल्या मनाने केलेल्या पूजेचा पंचनामा मला गल्लीत मांडायचा नव्हता.

"पोरीच्या हाताले ब्रेक समजत नाही," काका आबांना म्हणाले. "सायकल माळ्यावर टाक. शाळेले कळवून दे, दुसरी बाई पाहा म्हना."

आबा जमिनीकडे बघत होते. मला त्यांचा राग आला, आणि दया आली, आणि पुन्हा राग आला.

"काका," मी म्हणाले, "संध्याकाळी त्याच उतारावरून मी पुन्हा उतरते. ब्रेक नाही लागला तर सायकल तुमची. लागला तर सोमवारी मी शाळेत."

"संध्याकाळी सीमोल्लंघनाले सारं गाव राहीन तिथं."

"राहू द्या."

माझा आवाज चढला होता. बाप्यांसमोर, सणाच्या दिवशी. आजही मला त्याचा पस्तावा नाही.

दुपारी सगळी जेवून आडवी झाली आणि मी अंगणात सायकल उलटी केली. लाल दोऱ्यापाशी नट सैल केला, नाल खाली आली, चाक अलगद निघालं. आबा समोर येऊन बसले आणि चाक दोन्ही हातांनी धरून राहिले. वाकलेल्या जागी तारा थोड्या ओढून, थोड्या सोडून मी ते सरळ केलं. मग चुलीतली राख आणली. रिम राखेने घासली, धुतली, पुन्हा घासली, कोरड्या फडक्याने पुसली. अंगठा अडखळायला लागेपर्यंत. गुटके काढून पायरीच्या दगडावर घासले. तेल प्यालेलं वरचं रबर काळ्या भुकटीने निघून गेलं आणि आतलं कोरडं, खरबरीत रबर आलं. तसंच मागच्या चाकाचं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. कुठल्या तरी मागावर सणाचाही खटखटाट चालू होता.

गुटके घासल्यामुळे बारीक झाले होते, म्हणजे जुना दोरा आता खोटा ठरला. मी तो कापून टाकला. पोस्टकार्ड दुमडून नव्याने जागा घेतली, नट आवळला, मूठ मिटली. लांब. पुन्हा सोडला, आवळला. जवळ. पुन्हा. आबा पहिल्यांदाच बोलले, "एवढं बारीक असतं हे?" मी म्हणाले, "असतं." सातव्या का आठव्या वेळी मूठ निम्म्यावर आली, चाकाने ऐकलं, आणि सोडताच गुटके मोकळे झाले. मी नवा दोरा बांधला.

त्याच वेळी आई पाण्याची कळशी घेऊन बाहेर आली. अंगणात राख सांडलेली, तेलकट फडकं पडलेलं. ती वाकली, फडकं उचललं, त्याचा वास घेतला. मी दोऱ्याला गाठ मारण्यात फार गुंतले आहे असं दाखवलं. आई फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली, मग आत गेली.

संध्याकाळी उताराखाली, मोरीपलीकडच्या शमीच्या झाडापाशी, फेटे-टोप्या जमल्या. सीमोल्लंघन पुरुषांनी करायचं. बायकांनी घरी ताट तयार ठेवायचं आणि सोनं लुटून आलेल्यांना ओवाळायचं. खाली गप्पा त्याच, आपली सीमा कुठे गेली आणि कुठे जायला हवी होती. मी वर सायकल धरून उभी राहिले तशा गप्पा थांबल्या. काका मोरीच्या कठड्याला टेकून उभे होते. मला भीती वाटत होती, हे मी कबूल करते.

मी पाय टाकणार एवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. आई. डोक्यावर पदर, हातात ओवाळणीचं ताट नाही, काही नाही. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि खाली उभ्या असलेल्या काकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"भावजी, तेल मी लावलं होतं. चाकाले. पोरीचा हात नाही चुकला, माझा चुकला."

मी तिचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. काकांची मान वर झाली ती तशीच राहिली.

मग आईने कासोटा सारखा केला, कॅरिअर हाताने चाचपलं आणि दोन्हीकडे पाय टाकून बसली. बायका एका बाजूला पाय सोडून बसत. ती बाप्यासारखी बसली.

"आई, अगं," मी हळूच म्हणाले, "दोघींचं वजन होईल. मी एकटीपुरतं जमवलंय."

"तू जमवलंस ना? मंग चाल."

मी निघाले. वाऱ्याने कान भरले. अर्ध्या उतारावर मी मूठ मिटायला सुरुवात केली, एकदम नाही, लिंबू पिळतात तशी हळूहळू. चाक रेंगाळायला लागलं. आणखी थोडी. गुटक्यांचा कोरडा, घोगरा आवाज आला, मला त्या क्षणी जगातला सगळ्यात गोड वाटलेला आवाज. आईचे हात माझ्या कमरेला होते, ते आवळले नाहीत. मोरीच्या अलीकडे, काकांपासून दोन हातांवर, सायकल उभी राहिली. मी एक पाय टेकला.

शेवटी काकाच म्हणाले, "बरं. लागला. उतरा आता, घरी जा. लोकं पाहू राहिले."

आई उतरली नाही. मी मागे वळून पाहिलं. तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता आणि तिने तो सावरला नव्हता.

"तुझी शाळा कोनत्या अंगाले हाये?" तिने विचारलं.

"या रस्त्याने. सरळ."

"मंग थांबली कशाले?"

मी पाय उचलला. शमीच्या झाडाजवळून, फेट्यांमधून, हातात पानं धरून उभ्या राहिलेल्या माणसांमधून आम्ही दोघी गेलो. एका म्हाताऱ्याने पालखीला द्यावी तशी घाईघाईने वाट दिली आणि सवयीने हात जोडले. गाव मागे पडलं. दोन्ही अंगांना केळीच्या बागा सुरू झाल्या. वाऱ्यात पानं फाटायचा तो फडफडाट, पाटाच्या पाण्याचा गारवा, ओल्या मातीचा वास. मला ते रोजचं होतं. आई इकडून तिकडे मान वळवत होती. लग्न होऊन आल्यापासून ती या रस्त्याने फक्त झाकलेल्या गाडीतून गेली होती.

"रोज पाहते हे तू?" ती म्हणाली.

"रोज."

जाता जाता तिने एका केळीच्या पानाला हात लावला. मग म्हणाली, "मले सांगितलं नाही कधी."

घरी आल्यावर मी शाळेतल्या मुलींचं, तपासणीचं, चाचांचं सगळं सांगायचे. रस्ता कसा दिसतो ते सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटे, रस्ता काय, सगळ्यांचाच असतो.

दापोऱ्यापर्यंत आम्ही गेलो नाही, अंधारून यायला लागलं होतं. एका बागेच्या बांधाशी उतरलो, आईने पाटात पाय बुडवले, आणि परत फिरलो. चढावर ती उतरली आणि सायकलला मागून हात लावून माझ्याबरोबर चालत आली. गल्लीत दारोदार ओवाळणं चाललं होतं. आमच्या दारात आबा ताट घेऊन उभे होते. निरांजन तिरकं, कुंकू सांडलेलं, बायकांचं ताट धरायची सवय नसलेला माणूस. त्यांनी आधी आईला ओवाळलं, मग मला. शेजारच्या खोलीत काका खोकत होते.

मी पुढे पस्तीस वर्षं शिकवलं. दापोऱ्याला, मग खकनारला, मग शहरात. शाळेवरच्या पाट्या बदलल्या, कागद बदलले, आबांनी हिंदीत निवृत्तीचा अर्ज लिहिला आणि त्यात एक चूक केली म्हणून आठवडाभर हळहळले. माणसं एकेक करून गेली. त्या उतारावर आता डांबर आहे आणि गतिरोधक आहेत. काल ब्रेक दाबून मी बराच वेळ तशीच बसले होते. भाचेसून बाजारातून आली, पिशव्या खाली ठेवून माझ्याजवळ टेकली आणि म्हणाली, "आत्या, मग काकांनी परमिशन दिली का शेवटी?" ही गोष्ट तिने शंभरदा ऐकली आहे, पण हे तिने कधी विचारलं नव्हतं. मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं.

त्यांनी परवानगी दिली नाही. सोमवारी पहाटे आईने माझा डबा भरला, आबांनी दार उघडलं आणि मी शाळेत गेले. आम्हा तिघांपैकी कोणीच ती मागितली नव्हती.